गिळणी

फ्रान्समधल्या लोझेरच्या चुनखडीच्या पठारावर लेओन्तीन व्हालादिये जन्मभर मेंढ्या राखत आली. तिथे नदी नाही, ओढा नाही. पडेल तो पाऊस दगडच पिऊन टाकतात. गावाबाहेरच्या कुरणात मेंढ्यांसाठी फरसबंद तळं होतं, तेवढंच पाणी.

१९६१च्या जूनमध्ये ते तळं सकाळी काठोकाठ होतं आणि दुपारी कोरडं. मधोमध मनगटाएवढं भोक. लेओन्तीनने त्यात खडा टाकून कान लावला. खडा पोचल्याचा आवाज आलाच नाही.

ती तडक सरपंचाकडे गेली.

"अनसेल्म, यंदा जत्रेचा नाच त्या कुरणात नको. खाली पोकळ झालंय."

"मावशी, जिल्ह्याचा नकाशा बघ. 'सपाट कुरण' लिहिलंय."

"माझी आजी त्या जागेला गिळणी म्हणायची. आठ दिवस झाले, मेंढ्या तिथे बसत नाहीत."

"मेंढ्यांना विचारून कारभार केला, तर पुढच्या खेपेला त्याच निवडून येतील."

सरपंचाच्या दारातल्या बाकावरची माणसं खो-खो हसली.

जत्रेच्या दिवशी लेओन्तीनने कुरणाच्या फाटकात गवताचा गाडा आडवा घातला आणि वर जाऊन बसली. लोकांनी विनवलं, मग टोमणे मारले. ती हलेना. शेवटी नाच आणि जेवणाची टेबलं चर्चच्या आवारात नेली. त्या दिवशी काहीच झालं नाही. उन्हाळाभर गावाने तिच्याशी बोलणं टाकलं. तिलाही वाटू लागलं, आपलंच डोकं फिरलं की काय.

सप्टेंबरात तीन दिवस पाऊस कोसळला. चौथ्या दिवशी सकाळी दहाला कुरण खाली गेलं. त्याच्यासोबत त्याला लागून असलेला तिचा गोठा, एकतीस मेंढ्या आणि कुत्राही. ती पाव आणायला गेली होती म्हणून वाचली.

अनसेल्म धावत आला. टोपी हातात.

"मावशी, मी..."

"बोलू नकोस. ऐक."

खोल खालून मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. दोघं काठावर उभे राहिले. घंटा एकेक करून थांबल्या.

नव्या नकाशात तिथे काळं वर्तुळ आलं. लेओन्तीनला खड्ड्याकडे तोंड असलेलं आपलं घर सोडायला सांगितलं, ती गेली नाही. "आता जाऊ कुठे? जमीन तर सगळीकडे तीच," एवढंच म्हणाली. दर पावसाळ्यात खड्ड्याचा काठ थोडा पुढे सरके.

तेरा वर्षांनी ती आपल्या अंथरुणातच वारली. शवपेटी मागच्या खिडकीतून काढावी लागली. पुढच्या दारात पाय टेकायला जमीन उरली नव्हती.