भिंतीवरचा आठ

मंडळी, आज सकाळी माझी हवा टाईट झाली होती!

मेहकरजवळच्या आमच्या शाळेत आज गणित कोपऱ्याचं उद्घाटन होतं. त्यासाठी मी भिंतीवर १२३४५६७९ ही संख्या रंगवायला सांगितली होती. तिच्यात आठ नाही. पण तिला नऊनं गुणलं की उत्तरात नुसते एकच एक येतात, हीच तर गंमत.

जाऊन पाहते तर भिंतीवर १२३४५६७८९!

"मॅडम, तुमच्याकून आठ राह्यला होता. मीनं टाकून देल्ला," पेंटर गजाननभाऊ खुशीत म्हणाले.

ऑइलपेंट वाळलेला, पाहुणे फाटकात. नऊनं गुणून पाहिलं, तर एकांच्या रांगेत शून्य घुसलेलं. रडायचीच बाकी होते.

मग चिडून त्या आगाऊ आठनंच गुणलं. आले ९८७६५४३१२. अरे, थोडक्यात हुकलं! त्यात नऊ मिळवले आणि झाले ९८७६५४३२१. अख्खी संख्या उलटी!

पोरांनी पाहुण्यांसमोर तेच करून दाखवलं. टाळ्याच टाळ्या. माझ्या जिवात जीव आला.

मागून गजाननभाऊ म्हणतात, "म्या म्हनलंच होतं मॅडम, आठाबिगर जमत नाही!"

मी मुकाट्यानं त्यांना चहा पाजला. आता तुम्हीच सांगा, त्यांना खरं काय ते सांगू, की राहू देऊ?