आप्पांनी खोडलेला शब्द

राणीसावरगावच्या मन्मथआप्पांची आणि माझी खरी ओळख झाली ती एका पत्रापायी. त्यांच्या किराणा दुकानात मीठमिरची आणायला मी लहानपणापासून जातच होतो, पण ती काही ओळख नव्हे. वडील जाऊन चार महिने झाले होते. मी विशीतला, सरकारी शाळेत चार बुकं शिकलेलो, तीही उर्दूत. मराठी अक्षर धड वळत नव्हतं. गावातल्या निम्म्या लोकांची पत्रं आप्पाच लिहून देत. मला थोरल्या बहिणीला पत्र धाडायचं होतं. तिला देवगाव फाट्याकडं दिलेली. मी सांगितलं, "लिवा आप्पा, आमी समदे खुशाल हाव."

आप्पांनी लिहिलं आणि मान वर केली. "माय कशी हाय रे तुझी?"

"हाय की. बसून असती."

"बोलती का?"

"न्हाई."

"जेवती का?"

"दिलं तर खाती."

"मग खुशाल कोण हाय? बैल?"

दुकानाच्या ओट्यावर बसलेली माणसं हसली. मला राग आला. मी म्हणालो, "ताई उगं काळजी करंल."

"करू दे की. तिला काळजी करू द्यायची न्हाई, तर पत्र कशाला लिवायलास?"

आणि आप्पांनी खुशाल हा शब्द आडवी रेघ मारून खोडला. वर बारीक अक्षरात लिहिलं, "माय चार महिने झाले वेणी घालत नाही, चुलीपुढं बसून राहते. तू येऊन जा." पत्र तसंच, खोडलेल्या शब्दासकट गेलं. नवा कागद घ्या म्हटलं तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. काय झाकायला निघाला व्हतास तेबी तिला दिसू दे."

आता आप्पांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. सत्काराच्या सभेला सरकारची इजाजत मिळो न मिळो, पण आप्पांवर गौरव अंक काढायचाच, तुम्हीही चार ओळी धाडा, असं गावच्या मास्तरांचं पत्र मला इकडं वरंगलला आलं. त्याच टपालानं आप्पांचंही पत्र आलं, तीन ओळींचं. त्यांच्या मंडळी, म्हणजे आमच्या आक्का, गेल्या त्याला वर्ष होत आलं. आप्पांचं पत्र वाचल्यापासून माझं मन थाऱ्यावर नाही, आणि हा लेख मी त्या धास्तीतच लिहितो आहे. पत्रात काय होतं ते सांगतोच. पण आप्पांची रीत कळल्याशिवाय त्यातलं भय कोणाला कळायचं नाही, म्हणून आधी ती सांगतो.

ताई आली, आठ दिवस राहिली. ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी आक्का सुकलेल्या मिरच्यांचं टोपलं घेऊन आमच्या दारात हजर. आईला म्हणाल्या, "दुकानाच्या मिरच्या हायत. देठ काढायला माझे दोन हात पुरनात. बस जरा." आई बोलली नाही, पण बसली. दोघी शिंकत शिंकत देठ काढत राहिल्या. तीन दिवस असंच. चौथ्या दिवशी आई म्हणाली, "ह्यांना लय तिखट लागायचं." चार महिन्यांत तिनं वडिलांबद्दल काढलेला तो पहिला शब्द. आक्कांनी देठ काढणं थांबवलं नाही, नुसतं विचारलं, "किती तिखट?" मग आई संध्याकाळपर्यंत बोलत होती.

दुकानात त्या वर्षी मिरच्या फार नव्हत्याच, हे मला पुढं कळलं. आप्पांनी शेजारच्या गावातून टोपलं मागवलं होतं.

गावात कोणी असं मिटून बसलं की लोक म्हणत, बाहेरचं आहे, देवाला न्या. आप्पा त्यावर वाद घालत नसत. स्वतः रोज कपाळाला विभूती लावून, लिंगपूजा करून मगच दुकान उघडणारे ते. ते एवढंच म्हणत, "न्या की. पर वाटंनं तिच्यासंगं बोलत जा, आन् आणल्यावर तिला एकटी टाकू नगा." लोकांचा देवही राहिला आणि माणसाला सोबतही मिळाली.

पण आप्पांचं खरं मोठेपण असं की ते कोणी हाक मारायची वाट बघत नसत. दुखणं वाढून घराची दारं लागायच्या आत ते त्या घरच्या ओट्यावर येऊन बसलेले असत. त्यांना कळायचं कसं? दुकानातून. ते म्हणत, माणूस मनातून खचला की आधी डोक्याचं तेल नेणं बंद करतो, मीठ सगळ्यात शेवटी. घरात धनधान्य असलेल्या एका पाटलांचं खोबरेल महिनाभर गेलं नाही, तेव्हा आप्पा स्वतः बाटली घेऊन त्यांच्याकडे गेले आणि दुपारभर सोंगट्या खेळत बसले. पुढं रोज खेळले, पाटील स्वतः दुकानात येईपर्यंत. कोणी चिडवायचं, "आप्पा, तेल खपावं म्हणून तुमी ही युक्ती काढलीय." आप्पा म्हणायचे, "तू बोलू नगंस. तुझ्या टकलापायी माझं लय नुकसान झालंय."

आता माझं सांगतो. माझा पाय कुठं ठरत नाही, हे गाव जाणतं. शेत सोडलं, गंगाखेडला हमाली केली, ती सोडली आणि इथं सुताच्या गिरणीत आलो. खोलीत आम्ही सहाजण, पाचांची बोली तेलुगू. सुरुवातीला मजा वाटली. मग हळूहळू मी बोलायचाच बंद झालो. कामावर जायचो, येऊन भिंतीकडं तोंड करून पडायचो. जेवायला उठावंसं वाटत नव्हतं. एकदा आप्पांना पत्र लिहिलं, तोडक्यामोडक्या मराठीत: मी खुशाल आहे, काम बरं आहे, काळजी नसावी, मी खुशाल आहे.

पंधरा दिवसांनी गिरणीच्या फाटकाशी आप्पा उभे. परभणीच्या पुढं कधी न गेलेला माणूस गाड्या बदलत, वाट विचारत आलेला. खांद्यावर पडशी, तीत आक्कांनी बांधून दिलेल्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी.

"आप्पा, तुमी? काय झालं?"

"दोनदा खुशाल लिवलंस," आप्पा म्हणाले. "एकदा लिवलं असतंस तर आलो नसतो."

मी तिथंच फाटकाशी रडलो. आप्पांनी पाठीवर हात ठेवला आणि रडू दिलं. मी म्हणालो, मला गावी न्या. ते म्हणाले, "नेतो. पर आधी हितं दोन माणसं जोड. न्हाई तर उद्या तिथूनबी पळशील." चार दिवस राहून त्यांनी नांदेडकडचं एक विणकर कुटुंब हुडकून काढलं आणि त्या घरच्या बाईंना सांगितलं, "दर आठवड्याला ह्याला जेवायला बोलवा. आन् भांडी ह्यालाच घासू द्या, म्हंजी पाव्हणा ऱ्हाणार न्हाई." मी गावी गेलो नाही. ती भांडी अजून घासतो. माझ्यासारखा माणूस तीन वर्षं एका जागी टिकला, हे माझ्या आईला अजून खरं वाटत नाही.

आता आप्पांचं पत्र. "आम्ही खुशाल आहोत. दुकान चालू आहे. इकडची काळजी करू नये, आम्ही खुशाल आहोत."

ज्यांनी तो शब्द माझ्या पत्रातून खोडला, त्यांनीच तो लिहिला आहे. आप्पा, या अंकात सगळे तुमचे गुण गातील आणि ते खरेच आहेत. पण मला विचारायचं आहे, तुम्ही काल काय जेवलात? झोप लागते का? आक्कांबद्दल कोणाशी बोललात? आणि गावकऱ्यांना माझी विनंती आहे, शाल पांघरवाल तेव्हा आप्पांच्या डोक्याला तेल आहे का तेवढं बघा. दुकान त्यांचंच, म्हणून त्यांनी तेल बंद केलेलं कोणाला दिसायचं नाही. कोणी सोंगट्या घेऊन जा. कोणी आपल्या घरच्या मिरच्या त्यांच्यापुढं ओता आणि सोबत बसा.

आप्पांना भरपूर आयुष्य मिळावं, त्यांच्या गुडघ्यांनी आणि डोळ्यांनी त्यांना साथ द्यावी आणि त्या आयुष्यातला एकही दिवस त्यांना एकट्याला काढावा लागू नये, ही महादेवाच्या चरणी प्रार्थना.

हा लेख मी टपालानं धाडत नाही. आठ दिवसांची रजा काढली आहे, स्वतःच घेऊन येतो. आप्पा, का आलास म्हणून विचारू नका. तुम्ही दोनदा लिहिलंय.