बादलीला लाथ

तेलगावात मी इंग्रजीचा क्लास घेतो. त्या भाषेचा मला अजून अचंबा वाटतो. 'लुक' म्हणजे बघणं, 'आफ्टर' म्हणजे नंतर, आणि दोन्ही शेजारी बसवले की म्हणे काळजी घेणं! ही काळजी कुठून उगवली, देव जाणे. पोरांना मी सांगतो, "का म्हणून विचारायचं न्हाई, पाठ करायचं."

एका नर्सिंगच्या पोरीची मुलाखत तोंडावर आली होती. बीडचा मोठा दवाखाना, प्रश्न सगळे इंग्रजीतून. ही नोकरी लागली तर तिच्या आईचं ऊसतोडीला जाणं थांबणार होतं. सराव म्हणून मी म्हणालो, "समज, म्हातारा पेशंट गेला. मी त्याचा मुलगा. सांग मला."

तिनं पाठ केलेलं ठोकून दिलं, "सर, युवर फादर किक्ड द बकेट."

मी हसून हसून बेजार. "अगं, बादलीला लाथ मारली म्हणजे आपल्याकडचं गचकला! लोक मारतील तुला. 'पास्ड अवे' म्हण. म्हणजे निघून गेले."

ती हसली नाही. "त्यांच्यात बी तसंच हाय का, सर? तुमी आत्ता पेशंट 'गेला' म्हणलात, 'मेला' न्हाई. आमची आई बांगडी फुटली म्हणत न्हाई, वाढवली म्हणती."

खडू हातात धरून मी उभाच राहिलो. सातासमुद्रापलीकडची माणसं, आपलं त्यांचं ना देणं ना घेणं, आणि मरणापाशी आली की तीही आपल्यासारखीच पाय न वाजवता चालतात! इतकी वर्षं मी हे नुसतं पाठ करून घेत होतो.

नोकरी तिला लागली.

यंदा माझ्या आईला त्याच दवाखान्यात ठेवलं होतं. दुपारी आतल्या खोलीतून नेमकी तीच बाहेर आली. मी घाईनं उठलो, "आई कशी आहे गं?" तिनं आधी मला बाकावर बसवलं. मग शेजारी बसून माझा हात हातात घेतला.

"सर, आईंना आता कसलाच तरास न्हाई."

मला कळलं. कितीतरी वेळ तिनं माझा हात सोडला नाही.