माळावरचे गोटे

विहिरीची कड सुटली आणि आमचे मालक छातीपर्यंत गाडले गेले. धूळ बसली तरी खालून आवाज येईना. सासऱ्यांनी कमरेला दोर बांधला. उतरता उतरता मला म्हणाले, "पोरी, बोल त्याच्याशी. गप पडू देऊ नगंस."

सासऱ्यांसमोर नवऱ्याशी बोलायची तेव्हा रीत नव्हती. लग्न होऊन वर्ष उलटलं होतं, त्यांच्यादेखत मी एक शब्द काढला नव्हता. कडेला ओणवी होऊन विचारलं, "अहो, जेवायला काय करू?"

बऱ्याच वेळानं खालून आलं, "काय बी कर. मिरचीचा खरडा नगं. तोंडात माती हाय."

मला हसूच आलं. मग म्हैस, तिचं दूध, माहेरची भांडणं, जे तोंडाला येईल ते बोलत राहिले. तोवर सासरे आणि भावकीतली माणसं हातानं एकेक गोटा बाजूला करत होती.

स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं तेव्हाची ही गोष्ट. आमचा माळ कळंब्याच्या वरच्या अंगाला, नदी लांब आणि खाली. तरी विहीर खणताना नदीतल्यासारखे गुळगुळीत गोटे लागले. गंगा आली म्हणून सासूबाईंनी पहिल्या गोट्याला हळदकुंकू वाहिलं. पाणी आता हाताशी आलं असं सगळ्यांना वाटलं, म्हणून कड बांधायला कुणी थांबलं नाही. गोट्यांना धर नसतो. तेच सुटले.

मालक पाय मोडून घरी पडले होते तेव्हा शेजारचे मास्तर बघायला आले. म्हणाले, नदी इथं होती हे खरं, पण फार फार पूर्वी. जमीन नखं वाढतात त्याहून सावकाश वर उचलली गेली. नदी कापत कापत खाली गेली, तिचे गोटे वर राहिले. सासूबाईंना काही ते पटलं नाही.

मालक म्हणाले, "जमीन वर चाललीया आन् मी खाली. कसं जमायचं?"

"वर काढलंय की तुमास्नी," मी म्हणाले. सासरे तिथंच बसले होते. ते खिडकीतून बाहेर बघत राहिले.

हळदकुंकवाचा गोटा पुढं न्हाणीत गेला. मालक त्यानं टाचा घासायचे. विहिरीला पाणी लागलं नाही, ती बुजवली. मालक जगले.