उलटी उर्दू

मंडळी, आज धाराशिवला एका केंद्राचं उद्घाटन बघून आलो. नाव, 'विभागीय डिजिटल माहिती व्यवस्थापन, जतन व संशोधन केंद्र'. पाटी एवढी लांब की तिच्यामागं दोन खिडक्या झाकल्या गेल्यात.

सोबत बेंबळीचे आमचे अण्णा होते. वय ऐंशीच्या पुढं. वडिलांकडून उर्दू शिकलेले. निजामाच्या काळातले जमिनीचे कागद अख्ख्या गावाला तेच वाचून दाखवतात. घरातलं जुनं दप्तर कापडात बांधून केंद्राला द्यायला आले होते.

हारतुरे झाले, भाषणं झाली. मग केंद्रप्रमुखांनी पहिला स्कॅन केलेला उर्दू कागद पडद्यावर दाखवला. पाहुण्यांनी वाचून झाल्यासारखी मान डोलावली. टाळ्या पडल्या.

अण्णा मान वाकडी करून बघत राहिले. मग उठून म्हणाले, "साहेब, कागद उलटा लागलाय. खालची बाजू वर आलीय."

केंद्रप्रमुख साहेब हसले. "आजोबा, उर्दू उलटीच असते."

सगळं सभागृह हसलं. परत टाळ्या.

अण्णांनी दप्तर काखेत मारलं आणि बाहेर पडले. मी मागोमाग गेलो. "अण्णा, द्यायचं नाही का?"

"न्हाय. आमच्या ट्रंकेत निदान सरळ तरी हाय."

असल्या केंद्राचं प्रमुख व्हायला काय शिकावं लागतं, मला ठाऊक नाही. संशोधन राहू द्या. कागद कुठल्या बाजूनं धरायचा, एवढं तरी मुलाखतीत विचारत असतील का हो?