वर राहिलेला हात

उजवा हात कानाला लागून सरळ वर उभा होता आणि खाली येत नव्हता. मी जमिनीवर बसले होते. कूलरच्या जाळीतलं जुनं गवत, इथे घास म्हणतात ते, बदलायला स्टुलावर चढले, स्टूल सरकलं, म्हणून खिडकीचा वरचा गज धरला. अंग खाली आलं, हात वरच राहिला.

"अगं, खाली घे तो," हे म्हणाले.

"घेता आला असता तर घेतला नसता का?"

ते ओढायला पुढे आले, पण मी अशी ओरडले की मागच्या मागे भिंतीला टेकले.

जिना तशीच उतरले. ई-रिक्षात हात छताला लागत होता, म्हणून तिरकी बसून तो बाहेर काढला. आदर्श नगरच्या चौकात एका स्कूटरवाल्याने मला नमस्कार केला. म्हातारी आशीर्वाद देतेय असं वाटलं असेल त्याला.

"चौथीपर्यंत शिकलीस, वर्गात एकदाही हात वर केला नसशील," हे म्हणाले. "आज काढ सगळं भरून." आणि लगेच रिक्षावाल्याला म्हणाले, जरा जोरात घे. माझी बोटं गार पडत चालली होती.

इस्पितळातली डॉक्टरीण माझ्या नातीच्या वयाची. तिने मनगटावर नाडी शोधली, बराच वेळ शोधली. मग हिंदीत सरळ सांगितलं की हाड खांद्यातून निसटून काखेत उतरलंय, रक्ताची नळी दाबली गेलीय, लवकर बसवलं नाही तर हात जाऊ शकतो. आणि या वयात हाडं ठिसूळ, बसवताना आणखी मोडूही शकतात. एक्स-रेच्या फोटोत मी पाहिलं. हाडाचा गोळा खांद्याच्या वाटीबाहेर, आणि त्याच्या कडेचा एक टवका उडालेला. मग त्यांनी सुई देऊन मला झोपवलं.

जागी झाले तेव्हा हात पोटावर झोळीत होता, बोटं गरम. तिने नवा फोटो दाखवला. गोळा वाटीत होता. तुटलेला टवकाही जागच्या जागी.

"हा टवका कोणी बसवला?" मी हिंदीत विचारलं.

"किसी ने नहीं, अम्माजी. गोला बैठा, तो ये भी बैठ गया."

मी तो फोटो उजेडात धरायला लावला. याच खांद्यावर मी पोरं वागवली, बादल्या उचलल्या. आत काय आहे ते कधी मनातही आलं नव्हतं. तुटलेला तुकडा, कोणी बोट न लावता, आपली जागा शोधून बसला होता. माझ्याने नजर काढवेना. हे दोनदा म्हणाले चल आता, मी उठले नाही.

मी जगले. उजवा हातही.