डिकीतलं स्टूल

सुमाक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी मारतहळ्ळीच्या सिग्नलला अडकलो होतो. माझी थोरली चुलत बहीण. फोन ठेवल्यावर पहिल्यांदा आठवलं ते तिचं घडीचं स्टूल. गेल्या वर्षी ते माझ्या डिकीत राहिलं, आणि मी नेऊन दिलं नाही, कारण दिलं असतं तर तिच्याशी बोलावं लागलं असतं...

सुमाक्का कॉलेजात बायकांचा इतिहास शिकवायची. बेंगळुरातल्या आपल्या जुन्या मराठी घरांतल्या बायका तरुणपणी एकट्या कुठवर जात, काय निमित्त काढून जात आणि कुणाच्या ओढीनं, हा तिचा अभ्यास. मुलाखत ती घरात कधीच घेत नसे. "घरात बाई बोलत नाही रे, तिचा मुलगा बोलतो," म्हणायची. म्हातारीला तिच्या जुन्या रस्त्यानं हळूहळू चालवत न्यायची, ती दमली की स्टूल उघडून द्यायची आणि आपण शेजारी पायरीवर टेकायची.

माझ्या आईला तिनं विचारलं तेव्हा आई चक्क ठेवणीतली साडी नेसून तयार झाली. मोडता मी घातला. ऊन आहे, तिचे गुडघे आहेत, मी गाडीनं नेतो. जे. पी. नगरहून जुन्या पेटेतल्या बाजारापर्यंत सुमाक्का मागच्या सीटवर आईला एकेक विचारत होती आणि उत्तरं मी देत होतो. एका गल्लीच्या तोंडाशी आईनं काच खाली केली.

"स्वल्प थांबव रे. इथं कमल राहायची."

"कोण कमल, काकू?" सुमाक्कानं हळूच विचारलं.

"टायपिंगच्या क्लासातली मैत्रीण," मी म्हणालो. खरं तर मला काहीच ठाऊक नव्हतं. पण आरशात आईचा चेहरा दिसला होता. असा चेहरा तिनं बाबांसाठी केलेला मी कधी पाहिला नव्हता. पुढचं ऐकायची मला भीती वाटली. "इथं पार्किंग नाही," म्हणत गाडी पुढं काढली. आईनं काच वर केली. मी गाडी घराकडे वळवली.

उतरताना सुमाक्का हसून म्हणाली, "छान झाली हं तुझी मुलाखत."

तो टोमणा मला झोंबला, म्हणून मी तिच्याशी बोलणं टाकलं. लाज वाटायला मात्र तिचं मरण यावं लागलं.

सुमाक्काचे दिवस झाल्यावर एका रविवारी आईला म्हणालो, "चल, त्या गल्लीत जाऊ. चालत. मला सांग कमलचं."

"तुला नाही रे सांगता यायचं. सुमीला सांगितलं असतं." मग चपला पायात सरकवत, "पण ने मला."

गाडी मी गल्लीच्या तोंडाशी लावली. गल्ली सगळी चालली ती. एका बंद दारासमोर मी स्टूल उघडून दिलं, तशी बसली.

"तू गाडीत जाऊन बस."

"सरी, बसतो," म्हणालो.

गाडीतून ती आरशात दिसत होती. दाराकडे तोंड करून बसलेली, ओठ हलत असावेत... मी हात वर नेला आणि आरसा फिरवून ठेवला.